मोठ्या बटनांचा रिमोट

मार्थानं चष्मा काढून पिशवीत टाकला, रिमोट हातात धरला आणि काउंटरपासून दोन पावलं मागे सरली. डोळे बारीक केले. आकडे काही दिसेनात.

"हा नको," ती म्हणाली. "दुसरा दाखव."

क्लिफर्डनं आणखी एक खोका उघडला. पापडीच्या नाक्यावरच्या त्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तो बरीच वर्षं कामाला होता, पण टीव्हीच्या डब्याची अशी पारख करणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. लोक विचारायचे चॅनल किती, गॅरंटी किती, पावसात चित्र जातं का. ही बाई डब्याकडे ढुंकूनही न बघता नुसते रिमोट तपासत होती, आणि तेही चष्मा काढून. त्यात ती त्याची सख्खी आत्या, म्हणजे वाटेला लावायचीही सोय नाही.

"आत्या, चष्मा लावून बघ ना. दिसेल सगळं."

"मला चष्मा आहे रे," मार्था म्हणाली. "सगळे लावत नाहीत."

क्लिफर्डनं तो विषय सोडला. डब्यांचे मुळात दोन प्रकार, हे त्यानं तिला पुन्हा एकदा समजावलं. एक कंपनीचा. त्याला दर महिन्याला पैसे भरायचे, चुकले की पडदा काळा. दुसरा सरकारी फुकटवाला. डबा आणि डिश एकदाच विकत घ्यायची, छपरावर बसवायची, मग मरेपर्यंत कुणाला काही देणं नाही. चॅनल कमी, पण आपल्या मराठीचं आहे, बातम्यांचं आहे, झालंच तर रेडिओही लागतो.

"त्या ज्ञानदाकडे कुठला आहे?" मार्थानं विचारलं.

"कोण ज्ञानदा?"

"बेटीच्या बिल्डिंगमधली. तिसऱ्या मजल्यावरची."

"ती? तिच्याकडे कंपनीचा. मीच बसवला ना."

मार्थानं भाच्याकडे अशी नजर टाकली, जशी घरातला माणूस शत्रूला फितूर झाल्यावर टाकावी. "मग कंपनीचा नको," ती म्हणाली, आणि निम्मी निवड तिथेच झाली.

उरलेली निम्मी झाली ती चौथ्या खोक्यात. डबा तसा साधाच, पत्र्याचा, काळा. पण त्याचा रिमोट चांगला वीतभर लांब होता आणि त्याची बटनं चिंचोक्याएवढी. आकडे पिवळे, ठसठशीत. मार्थानं तो हात लांब करून बघितला, जवळ आणून बघितला, दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बघितला. सगळीकडे दिसला. वरच्या कोपऱ्यात एक लाल बटन होतं, ते तर भिंतीपाशी उभं राहूनही दिसलं.

"हे कशाला?"

"ते म्यूट. दाबलं की आवाज बंद."

"चित्र राहतं आणि आवाज बंद?"

"हो. फोनबिन आला की करतात लोक."

"पैसे मोजून घ्यायचं आणि मुकं करून बघायचं," मार्था म्हणाली. "कमाल आहे लोकांची. रंग मात्र बरा आहे." आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवून तिनं विचारलं, "चॅनल किती म्हणालास?"

"रेडिओ धरून पन्नासच्या आसपास."

"धर ना रेडिओ. कशाला सोडतोस?"

मार्थाची उभी हयात गिरीजच्या वाडीत, एका ओट्यावर, एका शिलाई मशीनमागे गेली होती. लग्न झालं नाही. का झालं नाही, हे विचारणारी माणसं आता राहिली नव्हती. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक शिवायचे तर मार्थानंच, असा आजूबाजूच्या गावांत रिवाज होता. तिनं ज्यांचे फ्रॉक शिवले त्यांच्या मुलींचेही आता ती शिवत होती. भावानं घराची पुढची खोली, ओटा आणि विहिरीकडची चिमूटभर जागा तिच्या नावावर करून दिली होती. मागची नारळीची वाडी त्याची.

आणि कुंपणापलीकडे बेटी. बेटी लग्न होऊन पलीकडच्या वाडीत आली तेव्हा तिची चोळी सैल करायला म्हणून पहिल्यांदा मार्थाकडे आली, ती जी बसली ती चाळीस वर्षं. मेंदीच्या कुंपणाला तिच्या येण्याजाण्यानं एक खिंड पडली होती. तिथे मेंदी कधी उगवलीच नाही.

संध्याकाळी रोझरीची प्रार्थना आटोपली की बेटी त्या खिंडीतून यायची. हाक नाही, चाहूल नाही. ओट्यावरून आत खोलीत, वेताच्या खुर्चीत बसायची, रिमोट उचलायची आणि टीव्ही लावायची. तिच्या घरी तिचा स्वतःचा टीव्ही होता, मार्थाच्या आधी घेतलेला. पण त्या टीव्हीवर नवऱ्याचं आणि मुलाचं राज्य. मार्थाकडचा हा तिचा होता. मार्था दिव्याखाली फ्रॉकची हातशिलाई करत बसायची, तिची नजर सुईवर. त्यामुळे पडद्यावर काय चाललंय ते बेटी सांगायची.

"आली बघ, हिरव्या साडीतली. ही आता दिराचे कान भरणार."

"ती हिरव्या साडीतली म्हणजे सून ना?"

"सून कशाला? मावशी त्याची."

बेटीला मोतीबिंदूनं लांबचं धड दिसत नव्हतं आणि जवळचं त्याहून नाही. चष्मा तिनं करून घेतला होता, पण तो लावला की आपण आपल्या सासूसारख्या दिसतो, असं तिचं म्हणणं होतं, म्हणून तो कपाटात. त्यामुळे पडद्यावर चाललेली गोष्ट आणि बेटी सांगायची ती गोष्ट यांचा मेळ बसेलच असं नसे. एकदा तर बेटीनं मारून टाकलेला माणूस महिनाभरानं घरी परत आला. मार्थाला हे ठाऊक होतं. तिला बेटीची गोष्टच जास्त आवडायची.

मग बेटीचा नवरा गेला. मुलगा, जेम्स, ऑस्ट्रेलियाला गेला आणि जाताना वाडी बिल्डरला देऊन गेला. वाडीच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली. बिल्डरनं तिला 'जेम्स व्हिला' असं नाव दिलं आणि तळमजल्यावरचा एक फ्लॅट बेटीला. मार्थाला त्याचं काही वाटलं नाही. कुंपणाच्या जागी भिंत आली, पण बेटीनं बिल्डरशी भांडून त्या भिंतीत एक लहान लोखंडी फाटक ठेवून घेतलं होतं. खिंडीच्याच जागी.

घोड्यानं पेंड खाल्ली ती निराळ्याच ठिकाणी. त्या भिंतीचा पाया खणताना मार्थाच्या घराकडे येणारी केबलची वायर तुटली. केबलवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला; एका घरासाठी नवी वायर ओढणं त्याला परवडत नव्हतं. जुन्या अँटेनावर चित्राऐवजी नुसत्या मुंग्या दिसत. बेटीनं त्या मुंग्यांमध्येही काही संध्याकाळी गोष्ट शोधून पाहिली. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तिसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय, मुलगी अंधेरीला नोकरीला जाते, तिचं बाळंतपण नुकतंच झालंय आणि बेटी संध्याकाळची तिच्याकडे जाते.

"तिचा टीव्ही भिंतीला टांगलाय गं, फोटोसारखा," बेटीनं विहिरीपाशी सांगितलं. "चल ना तू पण. ज्ञानदा फार चांगली आहे."

"मला नाही ते जिने चढवत," मार्था म्हणाली. त्याच आठवड्यात ती शिडी लावून कौलं शाकारायला चढली होती, हे बेटीला ठाऊक होतं.

बेटीनं पुन्हा बोलावलं. मग पुन्हा. एकदा बाळाच्या झबल्यासाठी मऊ पिवळं कापडही आणून मशीनवर ठेवलं. "तुझ्या हातचं होऊ दे एक," म्हणाली. मार्थानं ते कापड मशीनच्या खणात टाकलं आणि त्यावर इतर चिंध्या टाकल्या.

जळायला काही मोठं कारण लागतं असं नाही. रस्त्यात भेटली की ज्ञानदा बेटीला "बेटीमावशी" म्हणायची आणि मार्थाला "आंटी". एवढं पुरलं. मावशी घरातली असते, आंटी रस्त्यातली. मार्था रात्रीचा भात खाताना या दोन शब्दांमधलं अंतर मोजत बसायची. भिंतीवर टांगलेल्या त्या टीव्हीचा तिला इतका राग आला होता की न बघताही त्याचा आकार तिला पाठ होता. एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. टीव्ही ही विकत मिळणारी वस्तू आहे. तिच्यापाशी टीव्ही होताच. त्याला बेटीच्या डोळ्यांना झेपेल असा रिमोटवाला एक डबा जोडला की झालं.

शनिवारी क्लिफर्ड डिश घेऊन आला. कौलांवर चढला, डिशचं तोंड आग्नेयेकडे वळवलं, सिग्नल लागला की शीळ घालणारं हातातलं यंत्र कानाशी धरलं. यंत्र गप्प. त्यानं डिश जरा वर केली, जरा खाली केली. मग खाली उतरून विहिरीच्या कठड्यावर लावून पाहिली. मग मोरीच्या भिंतीवर. मार्था त्याच्यामागून प्रत्येक ठिकाणी जात होती आणि यंत्राकडे अशा डोळ्यांनी बघत होती, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यानं डॉक्टरकडे बघावं.

"नाही गं लागत," क्लिफर्डनं शेवटी घाम पुसला. "आकाश पाहिजे मोकळं. हे इकडचं." त्यानं बोट दाखवलं. बोटाच्या टोकाला 'जेम्स व्हिला' उभी होती, मार्थाच्या ओट्याला जवळजवळ चिकटून, चार मजले वर.

"मग मागे लाव."

"मागे नारळी आहेत. झावळी हलली की चित्र जाणार. तोडायच्या तर बाबांना विचार."

मार्थाचा भाऊ एक वेळ स्वतःचा हात तोडू देईल, नारळ नाही. ते दोघांनाही माहीत होतं.

"गच्चीवर लावू," क्लिफर्ड म्हणाला. "त्यांच्या. तिथे फक्कड सिग्नल आहे, मी लावलीये ना तिथे. वायर इकडे सोडतो खाली. सेक्रेटरीला विचारायला लागेल फक्त. सुमेध म्हणून आहेत. ज्ञानदाताईंचेच मिस्टर."

मार्था ओट्याच्या पायरीवर बसली. ज्या घराशी टक्कर द्यायला म्हणून तिनं डबा आणला, त्याच घरच्या माणसाची परवानगी घेऊन तो लावायचा, याला काय म्हणावं? क्लिफर्डनं आपण विचारून येतो म्हटलं. ती नको म्हणाली. भाच्याला पुढे करून मार्था मागे लपली, असं तिला कुणी म्हणायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर तो टीव्ही तिला एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

आता कामासाठी कुणाच्या दारी जायचं तर रिकाम्या हातानं जाता येत नाही. तिनं खणातलं पिवळं कापड काढलं. ठरवलं होतं की दोन बाह्या, एक गळा, सरळ शिलाई, विषय संपला. पण हातांना वाईट काम करायची सवय नव्हती. गळ्यापाशी त्यांनी आपोआप बारीक चुण्या घेतल्या, चुण्यांवर पांढऱ्या दोऱ्याची नक्षी घातली, आतल्या शिवणी बाळाच्या अंगाला टोचू नयेत म्हणून दुमडून शिवल्या. झबलं तयार झालं तेव्हा ते इतकं देखणं दिसत होतं की मार्थाला स्वतःच्याच हातांचा राग आला.

रविवार गेला, सोमवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला ती जिने चढली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं ते ओठांवर बोट ठेवून. ज्ञानदा नुकतीच कामावरून आली असावी. खांद्याला पर्स तशीच होती आणि हातात अर्धी पोळी, गुंडाळी केलेली. "या ना आंटी," ती कुजबुजली. "हळू हं. आत्ताच जरा शांत झालीये."

मार्थाची नजर आधी भिंतीकडे गेली. टीव्ही होता. खरोखरच फोटोसारखा टांगलेला, आणि चालूही होता. पडद्यावर एक बाई हातवारे करून काहीतरी सांगत होती, पण तिचा आवाज येत नव्हता.

त्या टीव्हीकडे पाठ करून, खिडकीखाली, सतरंजीवर बेटी बसली होती. पाय लांब केलेले, पायांवर उशी आणि उशीवर पाच महिन्यांची पोर. बेटी पाय हलवत होती आणि घशातल्या घशात गुणगुणत होती. शब्द नसलेलं ते गुणगुणणं मार्थाच्या ओळखीचं होतं.

बेटीनं मान वर केली. तिला चेहरा दिसला नसणार, पण चाल कळली असावी.

"आलीस?" ती हळूच म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस गं. ये, बस इथे."

"मी डिशसाठी आलेय," मार्था म्हणाली.

"कशाचं का निमित्त असेना. हिला बघ. रोज दिवेलागणीला रडं सुरू. जेम्स नव्हता का असाच? तू मशीन सोडून धावायचीस. शेवटी तुझ्याच खांद्यावर झोपायचा."

मार्थाला आठवलं. खांद्यावरचं ते ओलं, गरम ओझंसुद्धा आठवलं. एवढ्या वर्षांत ते कधी आठवलं नव्हतं, आणि आत्ता, या परक्या घरात आठवावं, याचा तिला त्रास झाला. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिनं ज्ञानदाला डिशचं सांगितलं. किती वायर, कुठून जाणार, भिंतीला भोक पाडावं लागणार नाही, पाऊस पडला तर गच्चीला धोका नाही, असं सगळं क्लिफर्डकडून पाठ करून आलेलं. नाही म्हणाली तर काय बोलायचं, तेही तिनं जिन्यात तयार केलं होतं.

"त्यात विचारायचं काय आंटी?" ज्ञानदा म्हणाली. "लावा ना. सुमेधला मी सांगते. तशी जागा मावशींचीच आहे, आम्ही काय, काल आलो."

भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाची होकारानं फार गैरसोय होते. मार्थानं पिशवीतून झबलं काढून पुढे केलं. ज्ञानदानं ते दिव्याखाली धरलं, गळ्यापाशी बोट फिरवलं आणि तिचे डोळेच भरले. तिची आई लांब, कोल्हापूरकडे. असं हातानं केलेलं बाळासाठी कुणी आणलं नव्हतं, असं ती म्हणाली. मग तिनं विचारलं, बाळाला घेणार का. मार्थानं हात धुतलेले नाहीत असं सांगितलं आणि निघाली.

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं, आपण चुकीच्या शत्रूशी लढायला निघालो. इतके दिवस टीव्हीवर जळलो आणि टीव्ही बिचारा मुका, भिंतीवर कोपऱ्यात, त्याच्याकडे बघतंय कोण? बेटीला घेऊन बसलीये ती पाच महिन्यांची पोर. आता पाच महिन्यांच्या पोरीवर जळायचं, या वयात? पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत ती स्वतःला हसली. तळमजल्यावर पोचली तोवर ती पुन्हा जळत होती. टीव्ही विकत मिळतो. पोर कुठून आणायची?

पण डबा तर घेऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी क्लिफर्डनं गच्चीवर डिश बसवली. यंत्रानं लगेच शीळ घातली. काळी वायर चार मजल्यांवरून खाली आली, भिंतीवरून पलीकडे झाली आणि मार्थाच्या कौलांखालून आत शिरली. चित्र लागलं. असं लख्ख चित्र त्या टीव्हीवर कधीच दिसलं नव्हतं; बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातले खडेसुद्धा मोजता आले असते. क्लिफर्डनं सगळे चॅनल फिरवून दाखवले, रेडिओ लावून दाखवला. मार्थानं मान डोलावली आणि तो गेल्यावर वेताच्या खुर्चीवरची उशी झटकली, तिचा अभ्रा बदलला.

त्या संध्याकाळी तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि आवाज वाढवला. बेटीला कळायला तर हवं, इकडचा टीव्ही सुरू झाला म्हणून. आपण होऊन बोलवायला जाणं शक्य नव्हतं. इतक्या वेळा तिनं बोलावलं तेव्हा गेलो नाही, आता कुठल्या तोंडानं? टीव्हीला तोंड होतं, त्यानंच बोलवावं. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं आवाज आणखी वाढवला. वाटेनं जाणारा सदानंद पाववाला सायकल थांबवून डोकावला आणि "कान बिघडले काय मार्थाबाय?" म्हणून पुढे गेला. तिसऱ्या दिवशी मार्थानं रिमोटवरचं आवाज वाढवायचं बटन शेवटपर्यंत दाबून धरलं. मालिकेतली सासू ओरडली तशी विहिरीवरची कबुतरं उडाली.

आणि लोखंडी फाटक वाजलं.

मार्था जागची उठली नाही. उठलं तर वाट बघत होतो असं दिसलं असतं. तिनं हातातला फ्रॉक जवळ ओढला, सुई शोधली, खाली मान घातली. ओट्यावर पावलं वाजली. फक्त वेताची खुर्ची तिनं पायानंच टीव्हीसमोर थोडी सरकवली, आणि रिमोट त्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"मार्थे," बेटी दारातून म्हणाली.

"ये. बस."

"बसत नाही गं. पोरीला आत्ताच डोळा लागलाय." बेटीला धाप लागली होती, तीन मजले उतरून आली होती. "जरा आवाज कमी करशील? खिडकीतून थेट वर येतो. परवापासून दचकून उठतेय बिचारी. ज्ञानदा म्हणाली, राहू दे, आंटींना काय सांगायचं. मीच म्हटलं, मी सांगते, मार्था आपलीच आहे."

सासू अजून ओरडत होती. मार्था रिमोट घ्यायला म्हणून पुढे वाकली, पण तोवर बेटीनं तो खुर्चीवरून उचलला होता. नेहमीच्या सवयीनं. तिनं तो डोळ्यांपाशी नेला, मग हातभर लांब धरला, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, मला दिसतंय. चष्मा नाही तरी दिसतंय. केवढाली बटनं ही! लाल कसलं?"

"आवाजाचं."

बेटीनं लाल बटन दाबलं. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी झाली. विहिरीकडून बेडूक ऐकू यायला लागले.

"असला कुठे मिळाला तुला?"

"दुकानात होता," मार्था म्हणाली.

"चांगला आहे." बेटीनं रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि मार्थाच्या मांडीवर ठेवला. मग वाकून तिच्या हातातल्या फ्रॉकला बोटांनी चाचपलं, झालर तपासल्यासारखं. "ते झबलं ज्ञानदा धुऊ देत नाही, मळेल म्हणते. सांग आता, झबलं धुवायचं नाही तर काय फ्रेम करून लावायचं?" ती हसली. "येईन हं मी एकदा. पोर जरा मोठी झाली की येते."

फाटक वाजलं. या वेळी जाताना.

मार्था बसून राहिली. लाल बटन तिच्या अंगठ्याखाली होतं. पुन्हा दाबलं की आवाज आला असता. अगदी हळू ठेवून, एकटीला ऐकू येईल एवढा. तिनं नाही दाबलं. उघड्या दारातून तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दिसत होती. थोड्या वेळानं तिच्यात एक सावली आली, खांद्यावर काहीतरी घेतलेली, आणि इकडून तिकडे चालू लागली.

पडद्यावरची बाई आता ओरडत नव्हती. दाराला टेकून उभी होती, ओठ मिटून. मार्थानं चष्मा काढला, दुमडून फ्रॉकवर ठेवला. चेहरे विरघळले. हिरवी साडी तेवढी कळत होती.

बराच वेळ ती त्या हिरव्या डागाकडे बघत राहिली. मग वेताच्या रिकाम्या खुर्चीकडे किंचित झुकली आणि वरच्या खिडकीपर्यंत जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, "हिच्या मनाला काहीतरी लागलंय बघ. तोंडानं सांगायची नाही. पण लागलंय."